शेवटच्या पानाशिवाय नोंद नाही

आमच्या विमा कचेरीच्या कल्याण शाखेत मी नवीन लागले, त्या पहिल्याच आठवड्यात एका दुपारी शेजारच्या टेबलावरून जोरात आवाज आला, "संपलं!"

मी दचकून पाहिलं. उंच, सावळ्या, केसांत अबोलीचा गजरा माळलेल्या एक बाई हातातलं पुस्तक मिटून बसल्या होत्या. डबा अर्धा तसाच. शिपाई सांगत आला की साहेबांनी आत बोलावलंय. बाई शांतपणे म्हणाल्या, "आले म्हणावं. आधी नोंद करते." ड्रॉवरमधून त्यांनी एक कापडी बांधणीची लांबट वही काढली आणि लिहू लागल्या. अक्षर असं की वाटावं, छापखान्यातून आलंय. साहेब वाट बघत राहिले.

या हिराताई पाटील. दाव्यांच्या विभागात होत्या. राहायला ठाकुर्लीच्या जुन्या गावठाणात, भावाच्या कुटुंबात. लग्न केलं नव्हतं. वडलांची भातशेती आणि मिठागर. त्या घरात मॅट्रिक झालेली ही पहिली मुलगी. शेतीवर पुढे इमारती उभ्या राहिल्या, भावाच्या गळ्यात जाड साखळी आली, दारात गाडी आली. हिराताई मात्र सकाळी डबा घेऊन चालत स्टेशन गाठत राहिल्या.

वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद त्या शाळेपासून करत होत्या. पुस्तकाचं नाव, लेखक, कधी हातात घेतलं, कधी संपलं, कुठे बसून वाचलं आणि शेवटी एक ओळ. ती ओळ वाचायला मिळावी म्हणून मी त्यांच्याशी ओळख वाढवली, असं म्हटलं तरी चालेल. "नायिका पानोपानी रडते, मला एकदाही रडू आलं नाही." "बाप मेल्यावर गोष्ट सुरू होते, आधीची पानं फुकट." "वहिनीला दिलं. तिने उशाला घेतलं, वाचलं नाही." एका नोंदीत 'कुठे' या रकान्यात लिहिलं होतं, "पुतण्याच्या हळदीत, मांडवामागे, जनरेटरशेजारी. दादूस दोनदा शोधून गेला."

दादूस म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. सगळं गाव त्याला दादूसच म्हणे, मग आम्हीही.

नोंदीचा एक नियम होता आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. शेवटचं पान वाचून झाल्याशिवाय वहीला हात लावायचा नाही. कॅशमधले सावंत एकदा एका गाजलेल्या कादंबरीबद्दल भरभरून बोलत होते. हिराताईंनी विचारलं, "सावंत, संपते कशी हो ती?"

"आता ते कोण लक्षात ठेवतं!"

"मग हाताळलीत म्हणा. वाचली म्हणू नका."

सावंत दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी शेवट सांगितला. हिराताईंनी मान हलवली आणि त्यांना आपल्या डब्यातली बोंबलाची चटणी दिली.

मी विचारलं होतं, हा खटाटोप कशासाठी? त्या म्हणाल्या, "नववीत असताना एक पुस्तक वाचत होते. निम्म्यावर आल्यावर एकदम कळलं की पुढे यातला कुत्रा मरणार आहे. म्हणजे मी ते आधी वाचलेलं. कधी, कुठे, काही आठवेना. अगं, मी घाबरले. एवढे दिवस कुणाच्या तरी सुखदुःखात बसून काढलेले आणि मागे काहीच नाही? त्या दिवशी वही केली. लिहिलं की खात्री असते."

"कसली?"

"की मी तिथे होते."

सेवानिवृत्तीनंतर त्या खूश होत्या. डोंबिवलीत पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की मला फोन यायचा, "मेघना, पिशवी घेऊन ये." अशाच एका प्रदर्शनात त्यांनी एका तांडेलाच्या घराण्याची जाडजूड कादंबरी घेतली. आपली होडी घेऊन मासेमारीला गेलेला तांडेल वादळात नाहीसा होतो आणि घर त्याची वाट बघत राहतं, एवढं त्यांनी मला फोनवर सांगितलं. "निम्म्यावर आलेय. अजून तरी पकडून ठेवलंय. शेवट जमला पाहिजे."

त्यानंतरचा फोन दादूसचा. "मॅडम, बायला कल्यानला आनलाय हास्पिटलान. तुमाला बोलवते."

झालं होतं असं. दुपारी जेवून हिराताई पुस्तक पोटावर ठेवून जरा लवंडल्या. उठल्या तर डोकं जड झालेलं. पुस्तक उघडलं आणि त्यांना वाटलं, चष्म्यावर काही सांडलंय. साबणाने चष्मा धुतला. तरी ओळींच्या जागी नुसती वळवळ. मग वाटलं, छपाईच वाईट आहे, इतके दिवस लक्षात कसं आलं नाही? कपाटातलं दुसरं पुस्तक काढलं. मग तिसरं. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा हिराताई जमिनीवर बसल्या होत्या, भोवती पुस्तकं उघडी पडलेली आणि त्या एकेक उचलून विचारत होत्या, "हे कुठल्या भाषेतलं आहे?"

मी पोचले तेव्हा तरुण डॉक्टर त्यांना तपासत होते. बोलणं व्यवस्थित, चालणं व्यवस्थित. फक्त उजवीकडचं नीट दिसत नव्हतं. डॉक्टरांनी कागद-पेन दिलं. "आजी, नाव आणि पत्ता लिहा."

"आजी नका म्हणू," हिराताई म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं. तेच छापल्यासारखं अक्षर, एकही काना-मात्रा न चुकता. मला हायसं वाटलं. दादूसने तर हात जोडले.

डॉक्टरांनी थोडा वेळ इकडचं तिकडचं विचारलं. मग तोच कागद त्यांच्यापुढे धरला. "हे वाचा बरं."

हिराताईंनी कागद जवळ घेतला, लांब धरला. चष्मा काढला, घातला. माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. मग हळूच विचारलं, "कुणाचं अक्षर आहे हे?"

डॉक्टरांनी बाहेर येऊन समजावलं. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. डोळे शाबूत होते, हातही. पण डोळ्यांनी पाहिलेली अक्षरं मेंदूत जिथे ओळखली जातात, तिथवरचा रस्ता तुटला होता. लिहिण्याचा रस्ता वेगळा, तो वाचला. "लिहू शकतील. स्वतः लिहिलेलं वाचू मात्र शकणार नाहीत."

"सवयीन येल ना?" दादूसने विचारलं.

"थोडंफार येईल. सांगता येत नाही."

घरी आल्यावर दादूसने काय काय केलं! मोठमोठ्या अक्षरांची, चित्रं असलेली अंकलिपी आणली. भारी फोन आणला आणि त्यात पुतणीने बोलकी पुस्तकं भरून दिली. हिराताईंनी एक पुस्तक ऐकलं. संपल्यावर मी वही पुढे केली तर त्यांनी ती ढकलली.

"कानाने ऐकलं ते ऐकलं. वाचलं कुठे?"

"ताई, अहो शेवटपर्यंत ऐकलंत की."

"मी वाचलं नाही, मेघना. वाचणारा वेगळाच होता. मी नुसती पडून होते."

ठाण्याला कोपरीत एक बाई अशा रुग्णांकडून सराव करून घ्यायच्या. त्यांनी एक वाट दाखवली. अक्षर डोळ्यांना ओळखू येत नसेल, तर बोटाने गिरवायचं. हाताला ते ठाऊक आहे. हिराताई 'क'वर बोट फिरवायच्या, गाठ, दांडा, पुन्हा गाठ, आणि मग ओठांतून यायचं, "क." पुढचं अक्षर. त्याचा काना. मग शब्द. एका ओळीला अख्खी दुपार जायची आणि क्रियापदापाशी पोचेपर्यंत कर्ता विसरलेला असायचा. मग पुन्हा ओळीच्या सुरुवातीला.

अंकलिपी त्यांनी बाजूला ठेवली. त्यांना ती तांडेलाची कादंबरीच पुरी करायची होती, तीही दुसऱ्या कुणी न वाचता. मी शनिवारी जायची तेव्हा त्या खिडकीशी मान वाकवून बसलेल्या दिसत. पानाचा कागद बोटाच्या घामाने काळवंडला होता. "आज किती झालं?" असं विचारायची हिंमत मला होत नसे. एकदा त्यांनी आपणहून सांगितलं, "सकाळपासून एका वाक्यात आहे. सून दारात उभी आहे एवढं कळलंय. का उभी आहे ते पुढच्या ओळीत असेल." आणि एकदम ओरडल्या, "उद्या! उद्या कळेल ते मला!"

दादूस जिन्यात मला थांबवून म्हणाला, "तिला सांग गो, सोर म्हनावा ता पुस्तक. कनाला जीव जालते?" एवढा मोठा माणूस, गमछा तोंडाला लावून रडत होता.

कोपरीला त्यांना पुतणी गाडीने न्यायची. एकदा तिची परीक्षा होती. हिराताई कुणाला न सांगता एकट्याच निघाल्या. दुपारी मला एका रसवाल्याचा फोन आला, की एक बाई केव्हाच्या दुकानासमोर बसल्यात, कुठे जायचंय ते सांगत नाहीत, तुमचा नंबर मात्र पाठ आहे त्यांना.

मी डोंबिवलीहून गेले. रस्ता खणून ठेवलेला, त्यामुळे नेहमीचं वळण बंद होतं. उजवीकडून आलेली स्कूटर न दिसल्यामुळे त्यांचं कोपर खरचटलं होतं. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्या मांडीवरच्या कागदावर बोट फिरवत होत्या. कागदावर पत्ता होता. आदल्या दिवशी वहिनींनी सांगितलेला, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला.

"ताई, अहो कुणालाही विचारायचं ना!"

"काय विचारू? माझंच अक्षर वाचून दाखवा म्हणून?"

मी कागद घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो छातीशी धरला. "'श्री'पर्यंत आलेय. पुढचं सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. तिथेच उभी राहिले. रसवाल्याने मलाही स्टूल दिलं. त्या घामेजल्या बोटाने शाई पसरवत, पुसट करत पुढे सरकत होत्या. इमारतीचं नाव लागलं तोवर सरावाची वेळ उलटून गेली होती. सराव घेणाऱ्या बाई दवाखाना बंद करून गेल्या होत्या. बंद दारासमोर हिराताई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत येताना रिक्षात माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "डोळेच गेले असते तर बरं झालं असतं. आंधळ्याला कुणी वाचून दाखवलं तर तो ऐकतो, त्यात कमीपणा नाही. मला दिसतंय गं. सगळ्या पाट्या दिसतायत. सगळं जग माझ्यासमोर लिहिलेलं आहे आणि मला कुणी आत घेत नाही."

त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी जुन्या वह्या काढून ठेवल्या होत्या. "वाच," म्हणाल्या. मी नोंदी वाचू लागले. आधी गंमत वाटली. त्या हसल्याही. जनरेटरची ओळ ऐकून म्हणाल्या, "कान बधिर झालेले माझे." मग एक नोंद आली. पुस्तकाचं नाव, लेखक, ठिकाण, आणि खाली, "हे पुस्तक मी मरेपर्यंत विसरणार नाही."

हिराताईंनी हात वर करून मला थांबवलं. "पुन्हा वाच नाव."

मी वाचलं.

"कशावर होतं ते?"

मला ते माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी वही मागितली, ती ओळ बोटाने गिरवली, दोन-तीन शब्दांपर्यंत. मग वही पालथी ठेवली.

"आजार आत्ताचा नाही हा. आधीपासून सगळं पुसलं जातच होतं. मी आपली वहीच्या भरवशावर होते. वाटायचं, मी विसरले तरी वहीत आहे. आता वही तुझ्या तोंडात आहे. तू उद्या खोटं वाचलंस तरी मला कळायचं नाही."

"मी कशाला खोटं वाचेन?"

"नाहीच वाचणार तू. पण मला कळायचं नाही, हे तर खरं ना?"

त्यांनी वह्या गोळा केल्या आणि पुतण्याला माळ्यावर टाकायला सांगितल्या. पुन्हा कधी त्यांचं नाव काढलं नाही. कादंबरी मात्र खिडकीतच राहिली आणि बोट चालत राहिलं. पावसाळा गेला, थंडी आली. पानाचा अर्धा भाग झाला असेल.

मग दुसरा झटका आला. या वेळी उजवी बाजू पूर्ण गेली. ज्या हाताने गिरवायच्या तोच हात गेला. जीभही गेली. तोंडातून नुसता घोळ यायचा आणि तो आपल्यालाच ऐकू येतो म्हणून त्या तोंड मिटून बसू लागल्या.

ठाकुर्लीच्या घराला जिना होता. दादूसने त्यांना खडवलीला नेलं. तिथे नदीकडे त्याने एक बैठं घर बांधून ठेवलं होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पडवीतल्या खाटेवर त्या उशांना टेकून होत्या. केस पांढरे, कापलेले. अर्धा चेहरा खाली ओघळलेला. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

वहिनी परात घेऊन आल्या. परातीत तांदळाचं पीठ पातळ पसरलेलं. दादूस म्हणाला, "जीभ वलत नाय तिची. पेन धरवत नाय डाव्या हातान. मंग ही बोलली, पीठ देऊन बघू."

हिराताईंनी डाव्या हाताचं बोट पिठात घातलं. वेडंवाकडं, लहान पोराने काढावं तसं अक्षर उमटलं. "ये." मी खाट जवळ ओढली. त्यांनी तळव्याने पीठ सारखं केलं आणि लिहिलं, "वाच."

वहिनींनी फळीवरून ती कादंबरी आणून माझ्या हातात दिली. काळवंडलेलं पान आपोआप उघडलं. मी ताईंकडे पाहिलं. "मी? मोठ्याने?"

त्यांनी तळहात परातीवर आपटला. पीठ उडालं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या माझ्याकडे इतक्या रागाने बघत होत्या की मी ताबडतोब त्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सून दारात उभी होती, कारण बंदरावरून कुणीतरी धावत येताना दिसत होतं.

मी रविवारी जात राहिले. घसा बसेपर्यंत वाचायची. थांबले की पिठात उमटायचं, "पुढे." दादूस सुरुवातीला आत-बाहेर करायचा. मग पायरीवर बसू लागला. चौथीत शाळा सोडलेला तो माणूस, जन्मात कथा-कादंबरी ऐकली नव्हती त्याने. मध्येच विचारायचा, "तांडेल परत येल का गो?" हिराताई बोटाने त्याला गप्प करत. एकदा मी गेले तर गाडी तयार उभी होती, कुठे तरी लग्न होतं. दादूसने घरच्यांना पाठवून दिलं आणि स्वतः थांबला.

एका रविवारी ती संपली. तांडेल म्हातारा होऊन परत येतो, सगळे उंबरठ्यात भेटतात, दिवा लागतो. मी शेवटचं पान वाचून पुस्तक मिटलं. दादूस डोळे पुसत होता. हिराताई वर छपराकडे बघत होत्या.

मी विचारलं, "ताई, वही मागवू का माळ्यावरून? मी नोंद करते. तुम्ही सांगा, मी लिहिते."

त्यांनी मान हलवली. नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

मग त्यांनी परात ओढली. पिठात पुस्तकाचं नाव लिहिलं. मावेना, तर अर्धं लिहून पुसलं आणि उरलेलं लिहिलं. पुसलं. लेखक. पुसलं. "खडवली, पडवी." तेही पुसलं. आता ती ओळ येणार हे मला ठाऊक होतं. वेळ लागत होता. मी वाकून वाचलं.

"शेवट फसला."

"काय लिवलान?" दादूसने विचारलं. मी सांगितलं.

"फसला? कनाला फसला?" तो उठूनच उभा राहिला. "चांगला तर होता! आला ना परत तो!"

हिराताईंच्या चेहऱ्याच्या चालत्या बाजूवर काहीतरी हललं. त्यांनी पीठ सारखं केलं.

माझी गाडी चुकणार होती. मी त्यांच्या कपाळाला हात लावला, पुढच्या रविवारी नवीन पुस्तक आणते म्हणून सांगितलं आणि निघाले. तो रविवार आला नाही. मधल्याच एका दुपारी दादूसचा फोन आला.

पण त्या दिवशी फाटकाशी चप्पल घालताना मी मागे वळून पाहिलं. दादूस गुडघ्यांवर हात ठेवून परातीवर वाकला होता आणि एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचत होता.

"बु... डा... बुडाय... बुडायला..." तो थांबला. हिराताई थांबल्या नव्हत्या, लिहीतच होत्या. "ह... वा... हवा हो... ता." त्याने मान वर केली. "कोन? तांडेल? अगो बाय, काय बोलतंस तू!"

आणि तो पुन्हा खाली वाकला, पुढचं वाचायला.